चारशे मिलिमीटरची लेन्स रात्री आकाशाकडे रोखली तर काय होते?

पाणवठा :

गेली सहा वर्षे मी हौसेने पक्ष्यांची आणि अधूनमधून सस्तन प्राण्यांची छायाचित्रे काढत आहे. लपणात, म्हणजे प्राण्यांना आपण दिसू नये म्हणून केलेल्या आडोशात, बसायचे तर उजाडण्याआधी तासभर पोहोचून स्थिरस्थावर व्हावे लागते, आणि त्या तासात डोक्यावरचे आकाश पाहण्यावाचून दुसरे काही करण्याजोगे नसते. इतकी वर्षे नुसते पाहत आलो. गेल्या आठवड्यात मात्र हात शिवशिवले. मृग नक्षत्र समोर होते आणि कॅमेरा ट्रायपॉडवर चढवलेलाच होता, म्हणून बाणाच्या तीन ताऱ्यांजवळ जो धुरकट ठिपका दिसतो त्या तेजोमेघावर लेन्स रोखली आणि दहा सेकंदांचे एक्स्पोजर दिले.

जे उमटले ते असे : प्रत्येक तारा ठिपक्याऐवजी एक आखूड रेघ, सगळ्या रेघा एकाच दिशेला कललेल्या, जणू ओल्या शाईवरून कोणी बोट फिरवले आहे, आणि तेजोमेघाच्या जागी एक गुलाबीसर फराटा. तरीही तो गुलाबी रंग नुसत्या डोळ्यांना कधी दिसला नव्हता, आणि तेवढ्यासाठी मी तो फोटो अजून पुसलेला नाही.

माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप सेन्सरचा (पूर्ण फ्रेमहून लहान सेन्सरचा) आहे. लेन्स ४०० मिमी, एफ/५.६. याखेरीज ३५ मिमी, एफ/१.८ ची एक लहान लेन्स आहे. जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. प्राण्यांसाठी घेतलेली ही लांब लेन्स आकाशासाठी खरोखर वापरता येते, की दुर्बीण घेण्याला पर्यायच नाही? आणि दुसरे म्हणजे, प्राणी आणि तारे एकाच फ्रेममध्ये, नंतर चिकटवाचिकटवी न करता, टिपता येतात का?

लपण :

धावत्या हरणाला आपण सेकंदाचा हजारावा भाग देतो आणि ताऱ्याने मात्र दहा सेकंद जागचे हलू नये अशी अपेक्षा ठेवतो. यात ताऱ्याचा काही दोष नाही. बाकीचे निशाचर सांगतील. आकाशातले मला चंद्रापलीकडे फारसे कळत नाही.

निशाचर :

लपण यांनी थट्टेत सांगितले असले तरी सगळे मर्म त्यातच आहे. पाणवठा, तुमच्या लेन्सचा किंवा ट्रायपॉडचा दोष नाही, हे आधी मनातून काढून टाका.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. एका अंशाचे ३,६०० भाग केले तर त्यातल्या एका भागाला विकला म्हणतात. त्या मापाने खगोलीय विषुववृत्तावरचा तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो. बाणाचे तीन तारे जवळजवळ याच विषुववृत्तावर आहेत, म्हणजे आकाशाचा सर्वांत वेगाने सरकणारा पट्टाच तुम्ही नेमका निवडलात. तुमच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा असणार, आणि ४०० मिमीवर असा पिक्सेल आकाशातल्या दोन विकलांएवढी जागा व्यापतो. तेव्हा तारा सेकंदाला साडेसात पिक्सेल चालतो आणि दहा सेकंदांत पाऊणशे. तुमचा फोटो संगणकावर पूर्ण मोठा करून एखादी रेघ मोजून पाहा. आकडा याच्या आसपास आला नाही तर मला जरूर कळवा. हाच प्रयोग ध्रुवताऱ्यावर केला असता तर तो ध्रुवबिंदूपासून एका अंशाच्याही आत असल्याने रेघ जवळजवळ दिसलीच नसती.

फिल्मच्या काळापासून एक ठोकताळा चालत आला आहे : ५०० ला फोकल लांबीने, म्हणजे लेन्सच्या मिमीच्या आकड्याने, भागायचे आणि येतील तेवढे सेकंद द्यायचे. क्रॉप सेन्सर असेल तर फोकल लांबीला आधी दीडने गुणायचे. तुमच्या ४०० मिमीसाठी हे उत्तर ०.८३ सेकंद येते. आजच्या बारीक पिक्सेलांना हा हिशेब सैल पडतो, कारण तेवढ्यातही तारा सहा पिक्सेल सरकलेला असतो. मी स्वतः अर्ध्या सेकंदावर थांबेन. ३५ मिमीवर ठोकताळा साडेनऊ सेकंद सांगतो. तिथे पाच-सहा द्या.

आता दुर्बिणीचा प्रश्न. अंधाराला पूर्ण सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिमी उघडते. तुमच्या लेन्सचे तोंड, ४०० ला ५.६ ने भागून, ७१ मिमी आहे. व्यास दहापट म्हणजे क्षेत्रफळ शंभरपट. डोळ्यात जेवढा प्रकाश शिरतो त्याच्या शंभरपट प्रकाश ही लेन्स एका क्षणात गोळा करते, आणि डोळ्याला न जमणारी साठवणही करते. देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे तीन अंश लांब पसरलेली आहे, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीने मांडावेत एवढी. तुमच्या कॅमेऱ्यावर ४०० मिमीची फ्रेम ३.४ अंश रुंद असते, त्यामुळे ती बरोबर मावते. पुष्कळशा दुर्बिणींतून तिचा केवळ मधला भाग दिसतो. मग दुर्बीण कशासाठी घ्यायची?

शिवाय उसन्या लेन्सची परंपरा मोठी आहे. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांनी १८८९ पासून लिक वेधशाळेत आकाशगंगेची जी छायाचित्रे घेतली, ती विलार्ड नावाच्या सहा इंची लेन्सने, आणि ती लेन्स मुळात माणसांची पोर्ट्रेट काढण्यासाठी बनवलेली होती. शेजारीच त्या काळातली सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण उभी असताना आकाशगंगेचे ढग आणि काळ्या भेगा दिसल्या त्या या रुंद दृष्टीच्या लेन्समधून.

चांदणभूल :

मी या छंदात अगदी नवी आहे, म्हणून भाबडा प्रश्न विचारते. अर्ध्या सेकंदात तेजोमेघासारख्या फिकट वस्तूचा प्रकाश पुरेसा कसा जमणार? आयएसओ खूप वाढवून ती तूट भरून निघते का?

निशाचर :

प्रश्न मुळीच भाबडा नाही. आयएसओ वाढवल्याने प्रकाशाचा एक कणही जास्त येत नाही. आलेल्या प्रकाशाचे फक्त विवर्धन होते. प्रकाश वाढवण्याचे मार्ग तीनच : लेन्सचे तोंड मोठे करणे, शटर जास्त वेळ उघडे ठेवणे, किंवा अनेक फ्रेम घेऊन त्यांची बेरीज करणे. पाणवठा यांच्यासाठी तिसरा मार्ग खुला आहे. फ्रेम एकमेकांवर रचल्या की खरा प्रकाश फ्रेमच्या संख्येने वाढतो आणि नॉइज, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, मात्र त्या संख्येच्या वर्गमुळाने. सोळा फ्रेमना चारपट स्वच्छता, चारशे फ्रेमना वीसपट. यात एक मेख आहे : दर फ्रेम वाचताना सेन्सर स्वतःचा थोडा नॉइज मिसळतो, म्हणून अर्ध्या सेकंदाच्या चारशे फ्रेम आणि दोनशे सेकंदांची एक फ्रेम यांचे फळ सारखे येत नाही, लहान फ्रेमची बेरीज नेहमी थोडी गरीब राहते. आयएसओ १६०० किंवा ३२०० ठेवायचा तो याच कारणासाठी, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत त्या ठिकाणी वाचनाचा नॉइज तुलनेने कमी असतो.

मृगातला तेजोमेघ या कसरतीला योग्य आहे, कारण त्याचा गाभा खूप तेजस्वी आहे. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी त्याचे पहिले छायाचित्र घेतले तेव्हा ११ इंची दुर्बिणीवर ५१ मिनिटांचे एक्स्पोजर द्यावे लागले होते. आजचा सेन्सर अर्ध्या सेकंदातही त्याची खूण दाखवतो.

प्रत्यक्ष करताना हे सांभाळा. फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपातच घ्या. लेन्सचे कंपनरोधक यंत्र बंद करा. ट्रायपॉडवर ते उलट स्वतःच थरथर निर्माण करू शकते. रिमोट किंवा दोन सेकंदांचा टायमर वापरा. तेजोमेघ दहा मिनिटांत अडीच अंश सरकतो, तेव्हा दर तीन-चार मिनिटांनी त्याला पुन्हा फ्रेमच्या मध्यावर आणा. शेवटी लेन्सवर झाकण लावून, त्याच आयएसओला आणि तेवढ्याच वेळाच्या वीस-तीस काळ्या फ्रेम घ्या. सेन्सरचे तापलेले पिक्सेल त्यांच्या आधारे वजा करता येतात. रचण्यासाठी डीपस्कायस्टॅकर, सिरिल किंवा सिक्वेटर यांपैकी कोणतेही घ्या, तिन्ही विनामूल्य आहेत. कृत्रिम उपग्रहांच्या रेघांची धास्ती घेऊ नका. २०१९ च्या मे महिन्यात स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह एकदम सोडले गेले आणि तेव्हापासून या रेघा फार वाढल्या आहेत हे खरे, पण एकाच फ्रेममध्ये असलेली रेघ बाकीच्या शेकडो फ्रेमशी जुळत नाही, आणि सॉफ्टवेअर तिला बाजूला काढते.

फोकसवर मात्र सवडीने बोलायला हवे, कारण वन्यजीवांची सवय इथे आड येते. तुमचा ऑटोफोकस पक्ष्याचा डोळा शोधतो. ताऱ्यावर तो चाचपडत राहील. लेन्सवरची अनंताची खूण ही फक्त अंदाजासाठी आहे, आणि गारठ्यात तीही सरकते. ऑटोफोकस बंद करा, व्याधासारखा ठळक तारा पडद्यावर दहापट मोठा करा आणि फोकसची कडी केसभर फिरवत राहा. सुरुवातीला तारा फुगलेल्या गोळ्यासारखा दिसेल, मग आक्रसत जाईल, आणि एका क्षणी त्याच्या आजूबाजूला असे काही बारीक तारे उमटतील जे आतापर्यंत पडद्यावर नव्हतेच. तिथे थांबा. किंचित पुढे जाऊन पुन्हा मागे या, म्हणजे खात्री होते. नंतर कडीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका.

लपण :

निशाचर यांनी दवाचा उल्लेख केला नाही, तो मी करतो. लेन्सची काच उघड्या आकाशाकडे तोंड करून असली की आसपासच्या हवेहूनही थंड होते आणि मग तिच्यावर दव धरते. लपणात हे माझ्या बाबतीत पुष्कळदा झाले आहे. एकदा समोर घुबड येऊन बसले, मी नेत्रिकेतून पाहतो तर सगळीकडे धुके. बाहेर हवा स्वच्छ होती आणि धुके माझ्याच काचेवर होते. रुमालाने पुसणे हा उपाय नव्हे, कारण काच थंडच असते आणि दोन मिनिटांत पुन्हा दव धरते, शिवाय काचेवर फराटे उठतात ते वेगळेच. लेन्सचे हूड कायम लावून ठेवावे आणि काचेमागे लेन्सच्या अंगाला यूएसबीवर चालणारी उबेची पट्टी गुंडाळावी. खिशात ठेवायच्या गरम पुड्या रबराने बांधल्या तरी काम भागते.

पाणवठा :

निशाचर, रेघ मोजली. त्र्याहत्तर पिक्सेल भरली. आता पुढचा अंधारपक्ष येईपर्यंत धीर धरवत नाही.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. माझ्या नेहमीच्या जागी एका वठलेल्या झाडावर घुबडाची जोडी असते, आणि त्या झाडामागे तारे उगवतात. ३५ मिमीची लेन्स, सहा सेकंदांचे एक्स्पोजर आणि त्यातच घुबडावर फ्लॅशचा एकच झोत, अशी माझी कल्पना आहे. फ्लॅशमुळे घुबड स्थिर उमटेल आणि उरलेल्या वेळात तारे. यात तांत्रिक अडचण आहे का?

कृत्तिका :

तांत्रिक अडचण एकच आहे : फ्लॅश पडून गेल्यावर घुबड मान वळवेल किंवा उडेल, आणि त्याच्या आकृतीतून मागचे तारे आरपार दिसतील. तिच्यावर तोड निघेल. माझी हरकत फ्लॅशलाच आहे.

पूर्ण अंधारात अर्धा तास बसा, मग कोणाला तरी तुमच्या तोंडासमोर फ्लॅश मारायला सांगा आणि त्यानंतर पायाखालची वाट शोधून दाखवा. डोळ्यांतले जे द्रव्य मंद प्रकाशात पाहण्यास उपयोगी पडते ते प्रखर उजेडात विरते आणि पुन्हा पूर्ण भरून येण्यास माणसाला अर्धा तास किंवा त्याहून अधिक लागतो. घुबड काही तुमच्यासाठी तिथे बसलेले नाही. ते शिकारीसाठी बसले आहे, किंवा पिलांना भरवण्याच्या मध्यात आहे. जोडी आहे असे तुम्हीच लिहिले आहे, म्हणजे ढोली जवळ असणार. ढोलीच्या आसपास रात्री फ्लॅश नको, विजेरी नको, आणि ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे तर नकोच. फोटो टाकताना त्यातली जागेची नोंदही काढून टाका. फाइलमध्ये जीपीएसचे आकडे राहून जातात आणि आठवड्याभरात त्या झाडाखाली दहा कॅमेरे उभे राहतात.

अंधाराची गरज केवळ आपल्या फोटोला असते असा एक समज असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की शेणाचा गोळा ढकलत नेणारे काही किडे रात्री सरळ रेषेत जाण्यासाठी चक्क आकाशगंगेच्या पट्ट्याचा आधार घेतात. त्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याची इवलीशी टोपी घालून आकाश झाकले की ते भरकटत. समुद्री कासवांची पिले वाळूतून बाहेर आल्यावर उजळ क्षितिजाकडे धाव घेतात, आणि किनाऱ्यावरचे दिवे त्यांना उलट्या दिशेला ओढतात. काजव्यांच्या फोटोंसाठी विजेऱ्या घेऊन फिरणाऱ्यांना मी नेहमी सांगते की काजव्याची लुकलुक हे मादीला घातलेले साद आहे, आणि तुमच्या उजेडात ते बुडून जाते. काजव्यांचे फोटो घ्यावेत, जरूर घ्यावेत, पण कॅमेरा दिवस असतानाच लावून ठेवावा, अंधार पडल्यावर जागचे हलू नये, आणि लहान लहान एक्स्पोजर नंतर एकमेकांवर रचावेत.

लपण :

कृत्तिका यांचे ढोलीविषयीचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. मात्र फ्लॅश म्हटला की तो सरसकट पाप, हे मला पटत नाही. रात्रीच्या वन्यजीव छायाचित्रणाची सुरुवातच फ्लॅशने झाली. जॉर्ज शायरस यांची वन्यप्राण्यांची ७४ छायाचित्रे नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने जुलै १९०६ च्या अंकात छापली, आणि त्यांतली कित्येक मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवून घेतलेली होती. प्राण्यानेच तारेला धक्का द्यावा आणि आपलाच फोटो काढून घ्यावा ही युक्तीही त्यांचीच. त्या भडक्यापुढे आजचा फ्लॅश काहीच नाही. पाऊलवाटेवर लावलेला, कमी शक्तीचा, बाजूने येणारा, आणि रात्रीतून एक-दोनदाच उडणारा फ्लॅश आणि ढोलीसमोर धरलेला फ्लॅश यांत मी फरक करतो.

ज्यांना तोही नको त्यांनी अवरक्त दिव्यांचा कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप चालणारा कॅमेरा, लावावा. ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांची लालसर चमक जवळून दिसते, ९४० च्या दिव्यांची दिसत नाही. पण मग चित्र एकरंगी येते, आणि पाणवठा यांना हवे असलेले तारे त्यात शोभत नाहीत.

कृत्तिका :

फरक आहे हे मी मान्य करते. तो प्रत्येकजण आपल्या सोयीने करतो, एवढेच माझे दुखणे आहे.

प्राणी आणि तारे एकत्र दाखवण्याचा मोह किती लांब नेतो याचे उदाहरण जाहीर आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेतील २०१७ चे एक पारितोषिक २०१८ मध्ये काढून घेण्यात आले. चित्र विलक्षण होते : वर ताऱ्यांनी भरलेले आकाश, खाली स्वयंप्रकाशी अळ्यांनी लुकलुकणारे वारूळ आणि त्या वारुळाशी आलेला मुंगीखाऊ. तज्ज्ञांनी केसांची ठेवण, खुणा आणि शरीराची ढब ताडून पाहिली आणि तो पेंढा भरलेला नमुना असण्याची दाट शक्यता आहे असा निष्कर्ष काढला. छायाचित्रकाराने ते नाकारले होते, हेही नोंदवायला हवे.

पाणवठा, तुम्हाला फ्लॅशशिवायचा मार्ग सांगते. सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांवरून १२ अंशांपर्यंत उतरतो तेव्हा आकाशाच्या तळाशी निळसर उजेड उरलेला असतो आणि ठळक तारे दिसू लागलेले असतात. त्या वेळी झाडाच्या आणि घुबडाच्या आकृत्या काळ्या, रेखीव उमटतात, आणि सेकंद-दोन सेकंदांचे एक्स्पोजर पुरते. घुबड निवांत बसलेले असते तेव्हा तेवढा वेळ ते सहसा स्थिर राहते. दहापैकी सात फोटो हलतील. तीन मिळतील, आणि ते तिन्ही खरे असतील.

अर्धचंद्र :

आकृत्यांचा विषय निघालाच आहे तर चंद्रासमोरच्या प्राण्याबद्दल लिहितो, कारण त्यात पाणवठा यांची ४०० मिमीची लेन्स नेमकी उपयोगी पडते, आणि त्यात मी दोन हिवाळे फुकट घालवले आहेत.

सेन्सरवर चंद्राचा व्यास फोकल लांबीच्या सुमारे एकशे दहाव्या भागाएवढा येतो. ४०० मिमीवर तो ३.६ मिमी, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यात नऊशेहून थोडे अधिक पिक्सेल. आता चंद्र आकाशात अर्ध्या अंशाचा असल्यामुळे, एक मीटर उंचीचा प्राणी बरोबर चंद्राएवढा दिसावा असे वाटत असेल तर तो तुमच्यापासून सुमारे ११५ मीटरवर उभा असायला हवा. मी हे गणित करून, टेकाडाच्या धारेवरून हरणे कुठे उतरतात ते पाहून, नेमका तेवढ्या अंतरावर बसलो. हरीण आले, चंद्रही आला, फोटो निघाला, आणि चंद्र लोण्याच्या गोळ्यासारखा मऊ आला! ११५ मीटरवर फोकस केला की एफ/८ लाही अनंतावरची वस्तू चाळीसेक पिक्सेलांनी पसरते. चंद्रावरचे डाग त्यात पुसले जातात. पुढच्या खेपेस मी तिप्पट अंतरावर गेलो. हरीण चंद्राच्या एक तृतीयांश झाले, पण दोन्ही रेखीव आले आणि चित्रही मला जास्त आवडले.

घाई मात्र फार होते. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, म्हणून ट्रायपॉड उचलून आडवे पळण्याची तयारी ठेवा. उंचावरच्या पूर्णचंद्राला एफ/११ आणि आयएसओच्या व्यस्त शटर, म्हणजे आयएसओ १०० ला सेकंदाचा शंभरावा भाग, हा नियम चालतो. क्षितिजाजवळचा लालसर चंद्र त्याहून खूप मंद असतो, तिथे पडद्यावर पाहूनच ठरवावे. अर्धचंद्राच्या उजेडाविषयी तर बहुतेकांचा अंदाज चुकतो. तो पूर्णचंद्राच्या निम्मा नसतो, दहाव्या भागाच्या आसपास असतो.

लपण :

अर्धचंद्र, तीनशे मीटरचे नाव काढलेत म्हणून विचारतो, जमीन तापलेली असताना कधी प्रयत्न केलात का? दुपारी दूरच्या प्राण्याचे फोटो कितीही नीट फोकस केले तरी पाण्याखालून काढल्यासारखे येतात. नवे लोक लेन्सला शिव्या देतात आणि टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्सची फोकल लांबी वाढवणारा जोड, घेतात. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश खातो, दुपटीचा दोन स्टॉप, आणि हवेची थरथर तेवढीच मोठी करून दाखवतो.

निशाचर :

ताऱ्यांचे लुकलुकणे म्हणजे हीच थरथर. आम्ही तिला सीइंग म्हणतो, तुम्ही मृगजळ म्हणता. चंद्र आणि ग्रहांच्या बारकाव्यांसाठी ज्या रात्री तारे शांत दिसतात ती रात्र निवडावी. वारा पडलेला असावा आणि दिवसभर तापलेला कातळ किंवा सिमेंटचे छप्पर समोर नसावे. लेन्सही बाहेरच्या गारव्याला सरावायला अर्धा तास मागते.

पाणवठा :

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहित आहे.

अंधारपक्षातल्या दोन पहाटा मिळाल्या. पहिली दवाने खाल्ली. लपण यांचा प्रतिसाद वाचूनही मी पट्टी नेली नव्हती, याबद्दल माझ्याकडे सबब नाही. दुसऱ्या पहाटे सारे जसेच्या तसे केले. व्याधावर फोकस, कडीवर चिकटपट्टी, आयएसओ ३२००, अर्धा सेकंद, ४८० फ्रेम, म्हणजे अवघा चार मिनिटांचा प्रकाश. एकेक फ्रेम पाहिली तेव्हा निराशाच झाली होती, कारण काळ्या दाणेदार पडद्यावर एक करडा डाग याखेरीज तिच्यात काही नव्हते. रचलेल्या चित्राचा उजेड ओढला तेव्हा डागाला दोन पंख फुटले. एका पंखाची कड धारदार आहे आणि दुसरा विरत जातो. दोहोंच्या मध्ये एक काळी खाच घुसली आहे. गाभ्यातले चार तारे सुटे झाले नाहीत, पण तिथे एकच तारा नाही एवढे कळते. रंग फिकट गुलाबी आला आहे, लाल नाही.

घुबडाचा फोटोही कृत्तिका यांच्या पद्धतीने घेतला. अकरा फोटोंपैकी दोन स्थिर आले. एकात घुबडाच्या डोक्याच्या डाव्या बाजूला रोहिणी आहे.

आता फजिती सांगतो. तेजोमेघाच्या फ्रेम आटोपून काळ्या फ्रेम चालू असतानाच उजाडू लागले, आणि मी झाकण काढतो न काढतो तोच समोरच्या खुंटावर खंड्या येऊन बसला. चार मीटरवर, पहिल्या उन्हात, चोचीत मासा. कॅमेरा अनंतावर अडकलेला, ऑटोफोकस बंद, शटर अर्ध्या सेकंदाचे, कडीवर चिकटपट्टी. मी तरीही बटण दाबले. एक पांढरी फ्रेम मिळाली आणि पट्टी सोलण्याचा आवाज ऐकून खंड्या गेला.

निशाचर :

चार मिनिटांच्या प्रकाशात ती काळी खाच दिसणे हे उत्तम काम आहे. रंगाचे कारण कॅमेऱ्यात आहे. तेजोमेघातल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरचा असतो आणि नेहमीच्या कॅमेऱ्यातला अवरक्तरोधक फिल्टर त्यातला बराचसा अडवतो. काही हौशी लोक तो फिल्टर काढून घेतात; तुम्ही घेऊ नका, तुमच्या पक्ष्यांचे रंग बिघडतील. त्यापेक्षा यापुढे पैसा खर्चायचा झाला तर आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या ट्रॅकरवर खर्चा, आणि घेताना तो तुमच्या ४०० मिमीचे वजन पेलतो का हे आधी पाहा.

लपण :

खंड्यासाठी : कॅमेऱ्याच्या वरच्या चक्रीवर स्वतःची मांडणी साठवण्याच्या दोन-तीन जागा असतात. एकीत आकाश ठेवा, दुसरीत पक्षी. आयएसओ, शटर आणि ऑटोफोकस चक्रीच्या एका खटक्यात बदलतात. चिकटपट्टीचे एक टोक मात्र दुमडून ठेवावे लागते, म्हणजे ती अंधारात नखाने शोधावी लागत नाही.

पाणवठा :

टोक दुमडले. चक्रीवर पहिल्या जागी पक्षी ठेवले आहेत, दुसऱ्या जागी आकाश.